घरपट्टीचा कागद वाचा
(उपनगरांतील घरवाल्यांपुढे केलेले भाषण)



अंधेरी व घाटकोपर १९५० साली, बोरिवली व मुलुंड १९५७ साली मुंबई महापालिकेत आली. पूर्वी घरपट्टी भाड्याच्या अंदाजावर बसे. २०१० पासून ती भांडवली मूल्यावर, म्हणजे सरकारी दरतक्त्यातील भावाच्या आधारे बसते. आसपास टॉवर उठले की भाव चढतो. पण त्याने आपल्या तव्यावर एक तरी भाकरी जास्त पडते काय? घर विकील त्यास भावाचा लाभ, राहील त्यास नुसती पट्टी!

अज्ञानी रयत करांखाली कशी नाडली जाते, हे जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून दाखविले. सबब आमचे सांगणे एवढेच: बिलास हात जोडू नका, ते वाचा. घर मापून घ्या. ५०० चौरस फुटांपर्यंत चटई क्षेत्राच्या राहत्या घरास १ जानेवारी २०२२ पासून घरपट्टी माफ आहे. क्षेत्र, वापर वा घराचे वय चुकीचे लिहिले असल्यास मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या. लढणे फुकट जात नाही. याच पद्धतीचे तीन नियम रद्द करणारा निकाल २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. एकट्याचा अर्ज दप्तरात पडतो. सगळ्या आळीच्या अर्जास उत्तर द्यावेच लागते.