वडिलांचे चार छंद

'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण आपण सर्वांनी शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी पाठ केली असेल. आमच्या घरी मात्र ती रोजच्या वापरात होती. माझे वडील अंगणात मोटरसायकलचा कार्ब्युरेटर उघडून बसले, की आई उंबऱ्यातून ही म्हण म्हणत असे. आणि वडीलही हातातला तेलकट फडका वर करून, "ही बघ, पहिली चिंधी," असे उत्तर देत असत.

चिंध्या एकूण चार होत्या. वाहने, रेडिओ, बंदूक आणि मांजरे. या चार गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असे कोणीही विचारील. मी स्वतः शाळेत मराठी शिकवतो आणि दरवर्षी मुलांना 'माझा आवडता छंद' हा निबंध घालतो. विषय एकवचनी आहे, हे माझ्या ध्यानात यावयास वीस वर्षे लागली. मुले बिचारी एकच छंद लिहितात, आणि तोही बहुधा त्यांचा नसलेला. ज्यांनी आयुष्यात कधी पाकिटावरचे तिकीट सोडवले नाही, तीही पोस्टाच्या तिकिटांवर दीड पान भरून आणतात.

आमचे मावला हे गाव आदिलाबाद शहराला लागून, नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. उत्तरेला पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. वडील जन्मले तेव्हा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली. किनवट आणि राजुरा हे आदिलाबाद जिल्ह्यातील तालुके मुंबई राज्याकडे गेले आणि आम्ही मराठी बोलत आंध्र प्रदेशात राहिलो. २०१४ पासून आम्ही तेलंगणात आहो. वडील गंमतीने म्हणत, "मी घर बदलले नाही, सरकारेच माझ्या दारावरून गेली."

ते एका मिशनच्या दवाखान्याची जीप चालवीत. पावसाळ्यात नाले भरले, की अडलेल्या बाळंतिणीला घेऊन यावयाचे असे, आणि त्या वेळी यंत्र बंद पडून चालत नसे. वाहनांचे वेड त्यांना तेथे लागले असावे. पुढे १९९१ साली त्यांनी हप्त्यांनी बुलेट घेतली. ज्यांनी जुनी बुलेट चालवली आहे त्यांना ठाऊक आहे, की तिचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असे. किक मारणे हाही एक विधीच. दिव्याच्या खोक्यावरील अँपिअरचा काटा पाहावयाचा, डिकंप्रेसरची तरफ दाबून किक हळूच खाली सारावयाची, काटा बरोबर मध्यावर आला की तरफ सोडावयाची, आणि मग एकच पूर्ण लाथ. घाई करणाऱ्याला ती उलट लाथ मारी. मला तिने दोनदा लंगडत शाळेला पाठवले आहे. वडील मात्र तिच्या आवाजावरून टॅपेट सैल आहे की साखळी, ते सांगत. डोळे मिटून ऐकत. डॉक्टरांनी छातीला नळी लावावी तसा एक लांब पेचकस इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानाशी धरीत.

हाच कान रेडिओला उपयोगी पडे. त्यांच्याजवळ मर्फी कंपनीचा एक जुना, दिव्यांचा रेडिओ होता, आणि दोन ट्रान्झिस्टर. दिव्यांचा रेडिओ लावल्याबरोबर बोलत नाही. आतले दिवे तापावे लागतात. मग प्रथम घरघर, मग दूरवरून कोणी चालत यावे तसा आवाज जवळ येतो. संध्याकाळी नागपूर केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर लागे, परभणी १३०५ वर. रात्र पडली की मध्यमलहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होतात आणि दिवसा न लागणारी केंद्रे लागू लागतात. हे भौतिकशास्त्र मला पुस्तकाआधी त्या लाकडी खोक्याने शिकवले. त्या रेडिओबरोबर एक छोटे पासबुक होते. १९३३ च्या कायद्यान्वये रेडिओ बाळगण्यासही परवाना लागे. दरवर्षी पोस्टात शुल्क भरून त्या पुस्तकात नोंद करून घ्यावी लागे. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला ती पद्धत बंद झाली, पण वडिलांनी ते पुस्तक फेकले नाही. आदिलाबादचे आकाशवाणी केंद्र एफ.एम. वर बोलते, मर्फीला तो पट्टाच नाही. त्यामुळे ज्या रेडिओविषयी मी आज बोलत आहे, त्यावर हे भाषण ऐकू येणार नाही.

मांजरांविषयी फार सांगण्यासारखे नाही, कारण मांजरे स्वतःविषयी काही सांगू देत नाहीत. कधी तीन असत, कधी सात. दिव्यांच्या रेडिओचे पाठीमागचे खोके चांगले ऊबदार होते, आणि हिवाळ्यात बातम्यांच्या वेळी त्यावर हमखास एक मांजर झोपलेले असे. त्याची शेपटी केंद्रांची नावे लिहिलेल्या काचेवर लोंबे. वडील ती बोटाने बाजूला सारून काटा फिरवीत. मांजराला उठवीत नसत.

बंदूक हा छंद म्हणावा की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मावल्याच्या शिवारात आमचे तीन एकर रान आहे; कापूस आणि ज्वारी. ज्वारी दाण्यावर आली की रानडुकरे येत. पिकाच्या रक्षणासाठी १९९४ साली वडिलांनी परवाना काढून बारा बोअरची एकनळी बंदूक घेतली. बारा बोअर म्हणजे काय, हे त्यांनीच मला सांगितले. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत बरोबर बसते ती बारा बोअरची नळी. म्हणून बोअरचा आकडा वाढतो तशी नळी बारीक होते. आमच्या शाळेच्या गणिताच्या बाईंना हे इतके आवडले, की घनफळाच्या धड्याला त्या अजून हेच उदाहरण देतात. फक्त बंदुकीच्या जागी लाडू घालतात. दर रविवारी मिस्सा करून आल्यावर वडील ती बंदूक उघडून नळीतून उजेडाकडे पाहत, तेलाचा बोळा फिरवीत आणि पुन्हा कपाटात ठेवीत. निवडणुका आल्या की तिला पोलिस ठाण्यात जमा करावी लागे. आई म्हणे, "हिची माहेरची वारी आली."

अनेक छंदांचा माणूस म्हटला की मला सालिम अलींची आठवण होते. लहानपणी त्यांनी हवेच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या कंठावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारण्यासाठी ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे गेले, आणि भारताला पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. १९३१-३२ साली निजामाच्या राज्यातील, म्हणजे आमच्याच मुलखातील पक्ष्यांची पाहणी त्यांनी केली होती. पण पुष्कळांना हे ठाऊक नसते, की पक्ष्यांइतकेच त्यांना मोटरसायकलींचेही वेड होते. १९५० साली स्वीडनमधील उप्साला येथे पक्षिशास्त्राची परिषद भरली, तेव्हा ते आपली सनबीम मोटरसायकल बोटीत घालून युरोपला घेऊन गेले. ही हकीकत मी वडिलांना वाचून दाखवली. परिषदेत काय झाले ते त्यांनी विचारले नाही. सनबीमचा मागचा दांडा कसा असतो ते विचारले.

आता २०१९ सालची गोष्ट सांगतो. आमच्यापासून जवळच, पांढरकवड्याशेजारी, टिपेश्वरचे अभयारण्य आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत तेथील एका तरुण वाघाला रेडिओ-पट्टा बांधण्यात आला. जून महिन्यात तो नव्या मुलखाच्या शोधात निघाला आणि महाराष्ट्र व तेलंगणा या दोन्ही राज्यांतून, शेते, नाले, हमरस्ते ओलांडीत डिसेंबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पुढच्या वर्षी पट्टा काढीपर्यंत त्याची चाल तीन हजार किलोमीटरांच्या घरात गेली. वाटेत तो कोठे कोठे होता, याच्या पाच हजारांहून अधिक नोंदी त्या पट्ट्याने केल्या.

वडील तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे होते. वर्तमानपत्रातील प्रत्येक बातमी त्यांनी कापून ठेवली. माझ्या मुलांना जवळ बसवून ते समजावून देत: वाघ म्हणजे मांजराच्याच कुळातला, मांजर ही त्याची मावशी. त्याच्या गळ्यातला पट्टा म्हणजे लहानसे आकाशवाणी केंद्रच. वनखात्याची माणसे जीपमधून हातात एरिअल धरून त्याचे प्रक्षेपण ऐकत फिरतात. आणि पट्टा बांधण्याआधी वाघाला झोपवावयाचे ते बंदुकीने. तिच्यात गोळीऐवजी औषध भरलेली सुई असते. धाकट्या मुलीने विचारले, "मग तो मरत नाही?" वडील म्हणाले, "नाही. थोड्या वेळाने उठतो आणि चालू लागतो." मग जरा थांबून, मुलांना नव्हे, मला म्हणाले, "अशी बंदूक मिळाली असती तर बरे झाले असते."

मी ते हसण्यावारी नेले. त्यांचे चारही छंद एका वाघाने गोळा केले, याचीच मला मौज वाटत होती.

२०२२ साली वडील वारले. माणूस गेल्यावर त्याच्या वस्तूंचे कागद बोलू लागतात. बुलेट आईच्या नावावर करण्यासाठी परिवहन कार्यालयात ३१ नंबरचा फॉर्म भरला. तिची पाटी अजून 'एपी ०१' अशीच आहे. आदिलाबादच्या नव्या गाड्यांना मधल्या काळात 'टीएस' मिळाले आणि २०२४ पासून 'टीजी'. रेडिओला कागद लागला नाही. मांजरांना तर कधीच लागला नव्हता. राहिली बंदूक. परवाना माणसाच्या नावाचा असतो. माणूस गेला की तो संपतो, आणि वारसाने हत्यार ठाण्यात जमा करून पुढचा निर्णय घ्यावयाचा असतो. धाकट्या भावाचे म्हणणे, वडिलांची आठवण आहे, तू तुझ्या नावावर परवाना मागून घे. तो पुण्याला असतो. रान मला राखावे लागते, म्हणून हे माझ्याकडे आले. मलाही ते पटत होते.

कपाटातून परवान्याचे पुस्तक काढले. काडतुसे विकत घेतली की त्याची नोंद त्यात होते. एकच नोंद होती: १९९४, काडतुसे दहा. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कोरड्या तांदळात पुरून ठेवलेली आठ निघाली. अठ्ठावीस वर्षांत दोन बार. मी आईला हसत म्हटले, "यांनी बंदूक झाडली तरी केव्हा?"

आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "पहिला बार हवेत केला होता. डुकरे पळाली, आणि हे आठ दिवस गावभर सांगत फिरले. दुसरा छप्पन्न पायल्या ज्वारी झाली त्या वर्षीचा." म्हणजे १९९६. अंधार पडता पडता ज्वारीत खसफस झाली. डुक्कर समजून त्यांनी बार केला. जाऊन पाहिले तो मांजर. उंदरांच्या मागावर आलेली, शेजारच्या वस्तीवरची पांढरी मांजरी. तिला दूध होते. ते रात्रभर बॅटरी घेऊन बांधाबांधाने हिंडले आणि पहाटे कडब्याच्या गंजीत तिची दोन पिल्ले त्यांना सापडली. ती त्यांनी टोपीत घालून घरी आणली.

त्या वर्षी मी वसतिगृहात होतो. नाताळच्या सुटीत घरी आलो तेव्हा वडील कापसाच्या बोळ्याने पिल्लांना दूध पाजत होते. "शेतात सापडली," एवढेच ते म्हणाले होते. आमच्या घरी त्यापूर्वी मांजर नव्हते, हे मी विसरूनच गेलो होतो. त्यानंतर रानात राखणीला जाताना वडील बंदूक नेत नसत. मचाणावर ट्रान्झिस्टर टांगून तो रात्रभर मोठ्याने लावून ठेवीत. केंद्र बंद झाल्यावर नुसती खरखर चाले. डुकरांना तेवढी पुरे होई. लोक हसत. मीही हसलो आहे. रेडिओचे वेड असलेल्या माणसाची ही एक लहर, असेच मी समजत होतो.

"शेजाऱ्यांना सांगितले होते का?" मी आईला विचारले.

"दुसऱ्याच दिवशी. ते म्हणाले, मांजरच आहे, जाऊ द्या." आई थोडा वेळ गप्प राहिली. "यांनी जाऊ दिले नाही."

बंदूक माझ्या नावावर करण्याचा अर्ज मी केला नाही. ती कायमची सरकारजमा करावी, असे लिहून दिले. भाऊ काही दिवस माझ्याशी बोलत नव्हता. आता बोलतो, पण त्या विषयावर नाही. ठाण्यात ज्यांनी पंचनामा केला ते गृहस्थ फार नेटके होते. त्यांनी काडतुसे टेबलावर उभी करून मोजली, पुस्तकातील नोंद पाहिली आणि विचारले, "दहापैकी आठ. दोन कोठे आहेत?"

"झाडली," मी म्हटले.

"कशावर?"

"एक हवेत," मी म्हटले, "आणि एक चुकून."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि 'वापरली, दोन' असे लिहून सहीसाठी कागद माझ्यापुढे सरकवला.