पथ्याचे अर्थशास्त्र

मधुमेहाला ‘श्रीमंतांचा रोग’ म्हणण्याची सवय अजून पुरती सुटलेली नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासाने या समजुतीखालची जमीनच काढून घेतली. त्या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साऊदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. स्नायू खुरटलेले, मेद मात्र त्या मानाने राखलेला. आईच्या पोटातील हीच कुपोषित घडण पुढे मधुमेहाला वाट करून देते, असे याज्ञिकांचे प्रतिपादन आहे.

या रोगासोबत वर्षानुवर्षे राहणारा माणूस हळूहळू शिकतो की, गोड सोडणे हा पथ्याचा सर्वांत सोपा भाग. अवघड भाग निराळाच आहे. जेवण ठरल्या वेळी हवे. जेवणानंतर चालणे हवे, कारण चालताना स्नायू रक्तातील साखर वापरून टाकतात. झोप पुरेशी हवी. आणि रोज रात्री तळपाय निरखायला हवेत. बधिर पायाला रुतलेला खिळा कळत नाही. मेटफॉर्मिनची गोळी जुनी, किंमत नियंत्रणाखालची, म्हणून स्वस्त आहे. महाग आहे ते पथ्य, कारण त्यासाठी स्वतःच्या वेळेवर स्वतःचा हक्क लागतो.

भिवंडीच्या यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्याजवळ तो हक्क कुठला? ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण लांबले, तर साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, समोर माग धडधडत असतो. अशा प्रसंगानंतर कामगार काम सोडत नाही, गोळी सोडतो. दवाखान्यातील कागदावर मात्र नोंद होते ती ‘रुग्ण बेफिकीर’ अशी. (बेफिकीर कोण, हा प्रश्न त्या कागदावर मावत नाही.) घरी त्याच्या ताटात काय पडते? रेशनवर माणशी पाच किलो धान्य, तेही मुख्यतः गहू-तांदूळ; डाळ आणि भाजी बाजारभावाने.

१९२३ मध्ये इन्शुलिनच्या शोधकांनी आपले पेटंट प्रत्येकी एका डॉलरला टोरांटो विद्यापीठाच्या स्वाधीन केले. औषध समाजाच्या मालकीचे असावे, ही भूमिका त्यामागे होती. वेळेच्या मालकीचा प्रश्न तेव्हाही शिल्लक राहिला.

१९४८ च्या कारखाने कायद्याने सलग पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती ठरवली. तुकड्या-तुकड्यांत मांडलेल्या मागांच्या शेडपर्यंत ती क्वचितच पोचली. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. कामगार संघटनांचा विरोध प्रामुख्याने वेतन आणि ओव्हरटाइमच्या भाषेत मांडला जातो. त्यांच्या मागणीपत्रात आणखी तीन कलमे यायला हवीत: जेवणाची ठरलेली आणि न कापली जाणारी सुटी, मधुमेही कामगाराला रात्रपाळीतून सूट, आणि पायाला जखम झाल्यास पगारी रजा.