वाघोबाचा दगडही पुरावा आहे

(सुपे, ता. बारामती इथल्या बैठकीत डोंगरातल्या गावांच्या वतीनं केलेलं भाषण)

आम्ही आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम डोंगरातली महादेव कोळी माणसं. आमच्या गावावरून इथं पोचायचं म्हणजे दिवस मोडतो. पण पाणी आमच्या आधी खाली येतं. आमच्या डोंगरातलं पाणी घोडनदीत, घोडनदी भीमेत आणि भीमा उजनीत. त्या उजनीच्या काठाला तुमचं इंदापूर. तेव्हा आपण अगदीच परके नाही.

दुसरं नातं त्याहून जुनं. 12 मे 1875 या दिवशी याच सुप्यात, बाजाराच्या गर्दीत, शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं धरली. लोकांना हवे होते ते कर्जरोखे. पुढं हे लोण गावोगाव गेलं, इंदापुरातही गेलं. जिथं सावकारानं मुकाट्यानं कागद काढून दिले तिथं त्याच्या अंगाला सहसा कुणी हात लावला नाही. कागद जाळले आणि माणसं घरी गेली. का? तर अंगठा आपला, पण वर काय लिहिलंय ते सावकारालाच ठाऊक. कागद म्हणेल ते खरं, माणूस म्हणेल ते खोटं, असा तो कारभार होता.

त्याच वर्षांत आमच्या डोंगरात जांभोरीचा होन्या भागोजी केंगले उठला होता. 1873 पासून त्यानं सावकारांना सळो की पळो केलं. सरकारनं त्याच्यावर बक्षीस लावलं आणि 1876 मध्ये त्याला पकडलं. इंग्रजांच्या दप्तरात तो दरोडेखोर आहे. आमच्याकडं आज लोक त्याला होनाजी म्हणतात, आदरानं. खाली सुपं, वर जांभोरी, सावकारी तीच.

मग 1878 चा जंगल कायदा आला आणि कागदाचा फास आणखी आवळला. आमच्याकडं भाताचं रोप टाकायच्या आधी राब भाजतात. जागेवर शेण, टहाळं, पालापाचोळा पसरायचा, वर माती टाकायची, पेटवायचं आणि पाऊस पडायच्या बेतात त्या राखेत बी पेरायचं. त्या टहाळ्याच्या फांद्या तोडणं म्हणजे जंगलाचा गुन्हा, असं आम्हाला सांगण्यात आलं. आजोबाच्या आजोबानं राखलेलं झाड, आणि चोर आम्ही! इथल्या मेंढपाळांना आणि पारधी बांधवांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तुमच्या माळावर चिंकाऱ्याचं मयूरेश्वर अभयारण्य, आमच्या उशाला 1985 पासून शेकरूचं भीमाशंकर अभयारण्य. चिंकाऱ्याशी आमचं भांडण नाही आणि शेकरूशी तर नाहीच. ती जनावरं आजवर टिकली ती आपण तिथं असताना टिकली, एवढंच आमचं म्हणणं.

आता वारसा. हल्ली शहरातले पाहुणे पावसाळ्यात येतात, धबधब्याचे फोटो काढतात, 'किती प्राचीन संस्कृती' म्हणतात. आमचा नाच स्टेजवर चालतो, आमची देवराई मात्र नकाशावर चालत नाही. एका गावानं सामूहिक हक्काचा दावा टाकला, तर तो 'पुरावा नाही' असा शेरा मारून परत आला. गावात वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे, वाघबारशीला गुराखी तिथं नैवेद्य ठेवतात. देवराईतली वाळकी काटकीही कुणी घरी नेत नाही. पडकई करून म्हाताऱ्यांनी उतार फोडले, दगडी बांध घातले, आणि त्या बांधांआड आज भात उभा राहतो. बाळहिरडा कुठल्या झाडाचा कुणी गोळा करायचा हे पोराटोरांना ठाऊक आहे. आणि पुरावा नाही म्हणे!

2006 च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत, नियम 13 मध्ये, पुरावा म्हणजे काय ते लिहिलंय. नीट ऐका, कारण यातलं बरंच काही आपल्या घरात पडून आहे आणि आपण ते पुरावा म्हणून मोजतच नाही. विहिरी, दफनाच्या जागा, देवाची ठिकाणं. सपाट केलेली जमीन, घातलेले बांध. सामूहिक हक्कासाठी चराईची कुरणं, कंदमुळं-फळं गोळा करायच्या जागा, मासे धरायचे डोह, पाणवठे, देवराया. आणि वडीलधाऱ्यांचं सांगणं, पण ते लिहून घेतलेलं हवं. इथं पुष्कळ जण फसतात. ज्याचा दावा त्याचाच जबाब चालत नाही, दुसऱ्या जाणत्या माणसाचा लागतो. आणि पुरावा एकच जोडून भागत नाही, एकापेक्षा जास्त लागतात. दगडासोबत म्हातारीचा जबाब, बांधासोबत शेजारच्या आजोबांचा.

आदिवासींसाठी 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा ताबा दाखवायचा आहे. इतरांसाठी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं. इथल्या धनगर बांधवांनी म्हणूनच घाई करावी. 75 वर्षांचं आठवणारा माणूस गावात किती दिवस मिळणार? गेल्या हिवाळ्यात आमच्याकडची एक आजी गेली. कुठल्या ओढ्याला काय म्हणतात, कुठल्या पठारावर पूर्वी वरई-नाचणी व्हायची, सगळं तिच्या तोंडात होतं. त्यातलं निम्मंच वहीत आलं.

सुप्याच्या लोकांनी दुसऱ्यांनी लिहिलेले कागद जाळले, बरोबरच केलं. आपल्याला आता आपल्या हातानं लिहायचेत. आमच्या गावांनी असं ठरवलंय: आवणीच्या आत प्रत्येक वाडीत शाळेत शिकणारी दोन पोरं आणि एक बाई म्हाताऱ्यांसोबत शिवार फिरतील. बाई का, तर पाणवठा, सरपण, रानभाजी कुठं मिळते हे पुरुषाला अर्धंच ठाऊक असतं. जागेचं नाव जसं बोलतात तसंच लिहायचं, शुद्ध करत बसायचं नाही. शेवटी ग्रामसभेत सगळं मोठ्यानं वाचायचं, चुकलं तर तिथंच दुरुस्त करायचं, आणि ठराव करून दाव्याला जोडायचं.

इंदापूर-बारामतीच्या ज्या वस्त्यांना आमच्या वहीचा नमुना पाहिजे, त्यांनी जेवणानंतर थांबा. दहा प्रती आणल्यात. कमी पडल्या तर हातानं उतरवून घ्या.