दोन संगणक, एक वही



दुधाच्या डेअरीवर रोजचे माप दोन ठिकाणी लिहिले जाते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. एक आकडा डेअरीच्या वहीत, दुसरा दूध घालणाऱ्याच्या कार्डावर. दोन्ही जुळले की कोणाची तक्रार नसते. पण एक दिवस ते जुळेनासे होतात, आणि मग पहिला प्रश्न येतो, "चूक कोणाची?" खरे तर पहिला प्रश्न असायला हवा, "चूक कुठे झाली?" आमच्या शाळेत हेच घडले. ती हकीकत सांगतो, म्हणजे आजचा विषय आपोआप उलगडेल.

आमच्या शाळेच्या कचेरीत एक जुना संगणक आहे आणि माझ्याजवळ एक लॅपटॉप. गुणांच्या फायली दोन्हीकडे सारख्या राहाव्यात म्हणून आम्ही सिंकथिंग नावाची प्रणाली बसवली. तिची पहिली आवृत्ती डिसेंबर २०१३ मध्ये आली. याकोब बोर्ग यांनी तिची सुरुवात केली आणि पुढे अनेकांचे हात तिला लागले. तिला पैसे पडत नाहीत. ती ओपन सोर्स आहे, म्हणजे तिची आतली सारी मांडणी कोणालाही वाचता येते, तपासता येते आणि सुधारताही येते.

तिचे काम कसे चालते, ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक संगणकाला एक ओळखक्रमांक मिळतो. तो सात-सात अक्षरांच्या आठ गटांचा असतो. दोन्ही संगणकांनी एकमेकांचा क्रमांक मान्य केल्याशिवाय देवघेव सुरू होत नाही. एकाच बाजूने होकार देऊन सोयरीक जमत नाही, तसेच हे! मग ठरलेल्या फोल्डरमधील प्रत्येक फाईलचे तुकडे पाडून त्यांच्या खुणा काढल्या जातात. जो तुकडा बदलला तेवढाच पलीकडे जातो. दोन्ही संगणक एकाच वायफायवर असले, तर इंटरनेट नसतानाही काम भागते. आमच्या गावाला ही मोठीच सोय होती.

आता हकीकत. सातवीतल्या एका मुलीचे आईवडील ऊसतोडणीला जातात. ती त्यांच्याबरोबर गेली होती, म्हणून तिची चाचणी राहिली. परत आल्यावर आमच्या बाईंनी तिला वेगळे बसवून पेपर घेतला, तपासला आणि गुरुवारी कचेरीतल्या संगणकावर गुण भरले. पुढच्या आठवड्यात प्रगतिपत्रके छापून वाटली. तिच्या पत्रकावर शब्द होता "गैरहजर". ती माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाली, "गुरुजी, मी तर पेपर दिला होता."

मी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "मी गुण भरलेत." मी फाईल उघडली. गुण नव्हते. खरे सांगतो, क्षणभर माझ्या मनात आले की बाई विसरल्या असाव्यात. आणि बाईंच्या मनात आले असेल की गुरुजींनीच काहीतरी पुसले! दोन दिवस आम्ही एकमेकांशी जेवढ्यास तेवढे बोलत होतो.

तिसऱ्या दिवशी मी तो फोल्डर सावकाश, एकेक नाव वाचत पाहिला. तिथे आमच्या फाईलच्याच नावाची आणखी एक फाईल होती. नावाच्या मध्ये 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' हे शब्द आणि पुढे तारीख. उघडली, तर आत मुलीचे गुण जसेच्या तसे!

हे कसे झाले? बुधवारी रात्री मी घरी त्याच फाईलमध्ये एका नावाचे शुद्धलेखन दुरुस्त केले होते. गुरुवारी मी लॅपटॉप शाळेत नेला नाही. त्याच दिवशी बाईंनी गुण भरले. म्हणजे एका वहीत दोघांनी, एकमेकांना न सांगता, लिहिले. शुक्रवारी दोन्ही संगणक भेटले. अशा वेळी सिंकथिंग कोणाचेच लिखाण फेकून देत नाही. ज्या फाईलची बदलाची वेळ नंतरची, ती मूळ नावाने ठेवते, आणि आधीची वेगळ्या नावाने बाजूला ठेवते.

आपण म्हणाल, गुरुवार तर बुधवारनंतर येतो. मग बाईंची फाईल मागे का पडली? मलाही हेच कोडे होते. उत्तर त्या नावातल्या तारखेतच होते. ती २०१५ सालची होती! कचेरीतल्या संगणकाचे घड्याळच मागे गेले होते. संगणकाच्या पोटात रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो. वीज बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालते. तो सेल संपला होता. वीज गेली की तारीख मागे जायची, आणि इंटरनेट बंद असल्याने ती आपोआप सुधारत नव्हती. म्हणून बाईंचे ताजे लिखाण सिंकथिंगला जुने वाटले. चूक बाईंची नव्हती, माझी नव्हती, सिंकथिंगचीही नव्हती. चूक एका संपलेल्या सेलात होती.

सेल बदलला, घड्याळ लावले. दोन्ही फायली शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली, गुण मूळ फाईलमध्ये भरले आणि मगच जादा प्रत काढली. प्रगतिपत्रक पुन्हा छापले. बाईंची क्षमाही मागितली, हे सांगायला संकोच कसला?

अशी अडचण आपल्याकडे आली, तर तपास क्रमाने करावा. प्रथम पाहावे, दोन्ही संगणक एकमेकांना दिसतात का. मग दोन्हींची तारीख-वेळ पाहावी. मग फोल्डरमध्ये 'कॉन्फ्लिक्ट' नावाची प्रत शोधावी. त्यानंतर अडलेल्या फाईलचे नाव वाचावे. नावात प्रश्नचिन्ह किंवा दोन टिंबांचा विसर्गासारखा कोलन असेल, तर लिनक्सवर ते चालते, पण विंडोजवर तशी फाईल बनतच नाही, आणि ती अडकून बसते. शेवटी डिस्कवर जागा उरली आहे का, ते पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने गुण आला ते कळत नाही.

त्या प्रकारानंतर आम्ही तीन सुधारणा केल्या. पहिली, प्रत्येक वर्गाची फाईल वेगळी केली आणि तिच्यात लिहिणारा एकच माणूस ठरवला. दुसरी, 'फाईल व्हर्जनिंग' ही सोय दोन्ही संगणकांवर चालू केली. ती मुळात बंद असते, हे लक्षात असू द्या. ती चालू असली, की दुसऱ्या संगणकाकडून आलेल्या बदलाने जी फाईल बदलते वा पुसली जाते, तिची जुनी प्रत राखून ठेवली जाते. आपण स्वतःच आपल्या संगणकावर केलेली चूक मात्र त्या संगणकावर राखली जात नाही. म्हणून तिसरी सुधारणा: दर शनिवारी सर्व फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क कपाटात ठेवतो. कारण दोन वह्या सारख्या ठेवणे म्हणजे जपून ठेवणे नव्हे. एकीकडे फाईल पुसली, की दुसरीकडेही पुसली जाते. चांगले जसे पलीकडे पोचते, तशी चूकही पोचते.

आता शेवटची गोष्ट. काही वेळा दोष खरोखरच प्रणालीत असतो. तेव्हा नुसते कुरकुरू नये, तो करणाऱ्यांना कळवावा. पण कसा? गुरांच्या डॉक्टरला "गाय बरी नाही" एवढेच सांगून भागत नाही. चारा कधीपासून सोडला, ताप आहे का, आदल्या दिवशी काय खाल्ले, हे सांगावे लागते. तसेच इथे. कोणती आवृत्ती, कोणता संगणक, आपण काय केले, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, हे क्रमाने लिहावे. त्यावरून दुसऱ्याला तोच दोष आपल्या संगणकावर घडवून पाहता आला, तर निम्मे काम झाले. शिक्षकांना आणखी एक करता येईल. उलगडलेली अडचण सोप्या मराठीत कागदावर लिहून संगणकाशेजारी लावावी. प्रणाली सुधारण्याचे काम केवळ प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे नाही, तिचा नीट वापर करणाऱ्यांचेही आहे.

आमच्या कचेरीत तसा कागद आता लावलेला आहे. त्यावर पहिलीच ओळ आहे: "आधी घड्याळ पाहा, मग माणसाला विचारा." दुसरी ओळ बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिली आहे: "विचारताना नीट विचारा."