वाण टिकतो तो भावावर
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कपाशी-ज्वारीच्या मेळाव्यात आज एका परदेशी झाडाची गोष्ट सांगतो. दक्षिण फ्रान्समध्ये आर्देश नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. जमीन उताराची, हलकी. तिथल्या गरिबांनी शेकडो वर्षं चेस्टनटच्या फळावर दिवस काढले. फळ वाळवायचं, दळायचं, त्याच पिठावर हिवाळा काढायचा. त्याला नावच पडलं 'भाकरीचं झाड'.

तिथे या झाडाचे साठेक जुने वाण आहेत. कुठला लवकर येतो, कुठला उशिरा. कुठला पिठाला चांगला, कुठला ओला खायला. बी लावलं तर मूळ झाडासारखं फळ येत नाही. म्हणून बापाने, आज्याने कलमं बांधून एकेक वाण राखला.

एवढे वाण कशाला? अमेरिकेत काय झालं बघा. १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये चेस्टनटवर आशियातून आलेली बुरशी दिसली. तिथल्या झाडात तिला तोंड देण्याची ताकद नव्हती. पन्नास वर्षांत अंदाजे तीनशे ते चारशे कोटी झाडं गेली.

२००२ साली इटलीत दुसरं संकट आलं. एक बारीक माशी कळीत अंडी घालते, तिथे गाठ येते, फुटवा खुंटतो. बूश द बेतिझाक या संकरित वाणात मात्र तिची अळी मरते. हा संकर कशाचा? आर्देशच्या जुन्या 'बूश रूज'चा आणि जपानी चेस्टनटचा. शिवाय त्याला स्वतःचा पराग नाही. शेजारी दुसरा वाण लागतोच. ज्वारीच्या बियाणे प्लॉटमध्ये नर-मादी ओळी लावणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. नव्या वाणाची आई जुनीच असते. जुनं की नवं, हे भांडण आपलं नाही.

प्रश्न आहे, जुनं राखायचं कुणी आणि कुणाच्या खर्चाने? आर्देशच्या शेतकऱ्यांनी २००६ साली आपल्या फळाच्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळवलं. ते नाव फक्त तिथल्या जुन्या वाणांनाच लागतं. आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकनाच्या कागदाने चूल पेटत नाही. बाजारात दाम मिळाला तरच पुढच्या साली ते बी पेरलं जातं.

म्हणून आपली मागणी सरळ आहे. काय पेरायचं ते शेतकऱ्याला ठरवू द्या. आणि देशी कपाशी, गावरान ज्वारी टिकावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी राखणाऱ्याला त्याचा दाम मोजावा. कोरडवाहू शेतकऱ्याने सगळ्या देशाचं बी फुकट सांभाळावं, ही अपेक्षा आता कुणी करू नये.