जुन्या घरगुती उपकरणांतील धातू आणि परभणी जिल्ह्यातील भंगार व्यवसाय

पंखा जळाला, कूलरचा पत्रा सडला, फ्रिजचा कॉम्प्रेसर बसला, की घरच्यांच्या लेखी ती वस्तू संपते. तिच्यातले धातू मात्र शिल्लक असतात. लोखंड, तांबे, अ‍ॅल्युमिनियम आणि पितळ पुन्हा पुन्हा वितळवून वापरता येतात. अट एकच, ते एकमेकांपासून नीट वेगळे झालेले असावेत. मिसळलेल्या मालाला त्यातल्या सर्वांत स्वस्त धातूचा भाव मिळतो, निवडलेल्या मालाला ज्याचा त्याचा. तांब्याचा भाव लोखंडाच्या कितीतरी पट असतो, म्हणून भंगारातली कमाई वजनापेक्षा निवडीवर ठरते. ही निवड करणारा माणूस कारागीर आहे. त्याच्या कसबाला सुरक्षित जागा, योग्य हत्यारे आणि कायद्याचे अधिष्ठान मिळणे, हा परभणी जिल्ह्यातील भंगार व्यवसायापुढचा आजचा मुख्य प्रश्न आहे.

मालाचे उगम

परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या नऊ तालुक्यांत भंगाराचे उगम बहुतांशी सारखे आहेत. पहिला उगम उन्हाळ्याचा. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि कूलर ही चैन न राहता गरज होते. पत्र्याचे कूलर स्थानिक कारागीर बांधतात. त्यासाठी जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा वापरला जातो. बोअरच्या पाण्यातील क्षार टाकीच्या तळाशी पांढरे थर धरतात, मुलामा उडतो आणि तळ आधी सडतो. मोटर त्या मानाने टिकाऊ असते. एकच मोटर नव्या पेटीत बसवून पुन्हा वापरली जाते, म्हणून भंगारात येणाऱ्या कूलरचे पत्रा आणि मोटर हे दोन भाग वेगवेगळ्या वेळी येतात. माळ्यावरचा कूलर मार्चमध्ये खाली उतरवला की तळ गेल्याचे कळते आणि भंगाराचा एक हंगाम सुरू होतो. दुसरा हंगाम दिवाळीच्या साफसफाईचा.

दुसरा उगम विजेच्या कमी-जास्त दाबाचा. दाब घसरला की मोटर जादा विद्युतप्रवाह ओढते, तापते आणि तिचे वाइंडिंग जळते. पंखे, मिक्सर आणि शेतातले पंप रिवायंडिंगच्या दुकानात जातात, तेथून काळवंडलेली तार भंगारात येते. तिसरा उगम भारनियमनाच्या वर्षांत घरोघर बसलेल्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांचा. चौथा शाळा, महाविद्यालये, बँका आणि सरकारी कार्यालयांचा. जडवस्तू नोंदवहीतून वस्तूचे निर्लेखन होते आणि लिलावात ती विकली जाते. परभणीत १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे. वसतिगृहे, प्रयोगशाळा आणि कार्यालये असलेल्या अशा संस्थांतून एकाच प्रकारचा माल एकगठ्ठा निघतो, आणि असा माल निवडायला सोपा जातो.

कोणत्या उपकरणात काय असते

छताच्या पंख्यात जवळजवळ सगळे महत्त्वाचे धातू एकत्र सापडतात, म्हणून शिकाऊ कामगाराने सुरुवात पंख्यापासून करावी. आधी पाती सोडवायची. ती बहुधा अ‍ॅल्युमिनियमची, म्हणजे बाजाराच्या बोलीत जर्मनची, असतात. चुंबक चिकटला तर लोखंडी पत्र्याची समजावी. वरचा दांडा लोखंडाचा. कपॅसिटरची तार कापून तो बाजूला ठेवायचा. मग स्क्रू काढून दोन्ही झाकणे उघडायची. ती ओतीव अ‍ॅल्युमिनियमची असतात, फार जुन्या वजनदार पंख्यांत बिडाची. आत वाइंडिंगचा गाभा आणि त्याभोवती फिरणारे कडे असते. गाभ्याच्या एका बाजूचे वाइंडिंग छन्नीने छाटायचे आणि दुसऱ्या बाजूने पकडीने वेटोळे ओढून काढायचे. अशी काढलेली तार न जाळताच मोकळी होते. उरलेल्या चकत्या सिलिकॉनयुक्त पोलादाच्या असतात. फिरत्या कड्यात पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम ओतूनच एकजीव केलेले असल्याने ते हाताने सुटत नाहीत. ते कडे तसेच वेगळ्या ढिगात जाते.

तारेची पारख हा येथला नाजूक भाग आहे. मोटरच्या तारेवर रोगणाचा पातळ थर असतो आणि त्या थरामुळे अ‍ॅल्युमिनियमची तारही तांब्यासारखी लालसर दिसते. पात्याने किंवा कानशीने जरा खरवडले की खरे कळते. खालून पांढरा धातू निघाला तर अ‍ॅल्युमिनियम, आतपर्यंत लाल राहिला तर तांबे. तांब्याचा मुलामा असलेली लोखंडी तार चुंबकाला धरते. अलीकडच्या स्वस्त मोटरींत अ‍ॅल्युमिनियमचे वाइंडिंग वाढले आहे, त्यामुळे ही तपासणी प्रत्येक मोटरीवर करावी लागते.

मिक्सरमध्ये छोटी पण वेगवान मोटर असते. तिच्या आर्मेचरवर आणि बाहेरच्या वेटोळ्यांवर तार असते, आणि कम्युटेटरच्या पट्ट्या तांब्याच्या असतात. भांडी स्टेनलेस स्टीलची असून ती वेगळी विकली जातात. जुन्या गिझरमध्ये तांब्याची टाकी आणि पितळी जोड मिळतात. इस्त्रीच्या तळाला अ‍ॅल्युमिनियमचा किंवा लोखंडाचा पाट असतो. व्होल्टेज स्टॅबिलायझरमधील ट्रान्सफॉर्मरमध्ये पोलादी चकत्या आणि तार असते. अर्धस्वयंचलित धुलाई यंत्रात धुण्याची आणि पिळण्याची अशा दोन मोटरी असतात, बाकी अंग प्लास्टिकचे. पुढून दार असलेल्या यंत्राचे फिरते पिंप स्टेनलेस स्टीलचे असते आणि यंत्र हलू नये म्हणून त्यात काँक्रीटचे किंवा बिडाचे वजन बसवलेले असते.

फ्रिज हे सर्वांत जास्त सावधगिरीचे उपकरण आहे. त्याचे दार सर्वांत आधी काढावे, कारण टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये खेळताना मूल अडकले तर गुदमरते. फ्रिजच्या पोटातला वायू हवेत सोडायचा नसतो. जुन्या फ्रिजांत आर-१२ हा क्लोरोफ्लुरोकार्बन असे. तो ओझोनचा थर खातो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराने त्याला आवर घातला. भारत १९९२ साली त्या करारात सामील झाला. त्यानंतर आलेला आर-१३४ए ओझोनला घातक नाही, पण वातावरण तापवण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक आहे. नव्या फ्रिजांतला आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, ज्वालाग्राही आहे. वायू काढण्यापूर्वी अशा फ्रिजची नळी ग्राइंडरने कापली तर भडका उडू शकतो. कोणता वायू आहे हे कॉम्प्रेसरवरच्या पट्टीवर छापलेले असते, आणि ती पट्टी वाचल्याशिवाय कामाला हात लावू नये. वायू यंत्राने ओढून सिलिंडरमध्ये भरल्यावरच कॉम्प्रेसर सोडवावा. त्याच्या पोलादी कवचात तेल, मोटर आणि दट्ट्या असतो. तेल डब्यात निथळून घ्यावे, जमिनीवर सोडू नये.

जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत मानेवरच्या योकमध्ये तांबे मिळते. मात्र ट्यूबच्या नरसाळ्याच्या काचेत शिसे असते, ट्यूब निर्वात असल्याने फुटताना काचा जोरात उडतात, आणि संच बंद असला तरी ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार साठलेला राहू शकतो. ट्यूब फोडून टाकण्याची सवय म्हणूनच मोडली पाहिजे.

जाळण्याचे नुकसान

तारेवरचे आवरण जाळून तांबे काढण्याची पद्धत सर्वत्र दिसते, आणि ती सर्वांत महागात पडते. आवरण बहुधा पीव्हीसीचे असते. ते जळताना हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा धूर निघतो आणि डायॉक्सिन गटातील विषारी द्रव्ये तयार होतात. ती राखेत, मातीत आणि माणसाच्या शरीरात साठतात. धुराजवळ बसलेला कामगार आणि त्याची मुले हे त्याचे पहिले बळी. धंद्याच्या हिशेबानेही हा तोटाच आहे. जळक्या तांब्यावर काजळी चढते, बारीक तारा ठिसूळ होतात, माल खालच्या प्रतीत जातो. आवरण सोलून काढलेले लखलखीत तांबे वरच्या प्रतीत जाते आणि सोललेले प्लास्टिकही विकता येते. हाताने फिरवायचे तार सोलण्याचे साधे यंत्र छोट्या दुकानालाही पेलते. आरोग्याची आणि नफ्याची वाट येथे एकच आहे, हे प्रत्येक दुकानदाराला पटवून दिले पाहिजे.

बॅटरीचे तसेच. शिशाची बॅटरी फोडून आम्ल गटारात ओतणे आणि शिसे उघड्यावर वितळवणे हा गंभीर अपराध मानला पाहिजे. शिसे ३२७ अंशांवर वितळते, साध्या चुलीवरही ते पातळ होते, आणि या सोपेपणातच धोका आहे. त्याची धूळ व वाफ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. बॅटरी अखंड स्थितीत विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच जावी.

निवडलेल्या मालाचा प्रवास

फेरीवाला हातगाडीवर माल गोळा करतो, छोटे दुकान तो निवडते, मोठा व्यापारी साठवतो आणि ट्रक भरला की भट्टीकडे पाठवतो. लोखंडाच्या बाबतीत परभणी सुदैवी आहे. शेजारच्या जालन्यात भंगार वितळवून सळया करणारे पोलाद कारखाने आहेत. तेथील विद्युत भट्ट्यांना लोखंडी भंगार लागते, कारण तो त्यांचा कच्चा माल आहे. लोखंड १५३८ अंशांवर वितळते. त्यात तांबे मिसळलेले असेल तर ते वितळलेल्या पोलादातून निघत नाही आणि सळईत तडे जाण्याचा धोका वाढतो. म्हणजे परभणीतल्या दुकानात मोटरीतून नीट सोडवलेले तांबे दुकानदाराचा गल्ला वाढवते आणि जालन्यात ओतलेल्या सळईची प्रतही राखते.

अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांवर आणि तांबे १०८५ अंशांवर वितळते. खनिजापासून अ‍ॅल्युमिनियम करण्यास जी ऊर्जा लागते, तिच्या तुलनेत भंगारापासून ते करताना सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. तांब्याच्या खनिजासाठी भारत मोठ्या प्रमाणावर आयातीवर अवलंबून आहे. जळक्या पंख्यातून निघालेली तार म्हणूनच देशाच्या कामाची असते.

कायद्याची चौकट

इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ साली झाले, दुसरे २०१६ साली. सध्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांच्या यादीत १०६ प्रकारची उपकरणे आहेत. उपकरण बाजारात आणणाऱ्या उत्पादकावर जुन्या मालाच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी आहे. सोने, तांबे, अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड यांच्या वसुलीवर प्रमाणपत्रे मिळतात, ती उत्पादक विकत घेतात. ही प्रमाणपत्रे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्यालाच मिळतात. नोंदणीशिवाय यादीतील उपकरणे मोडणे नियमांत बसत नाही. वर्षात एक हजार किंवा अधिक नग वापरणाऱ्या संस्था मोठ्या ग्राहक गणल्या जातात आणि त्यांनी कचरा नोंदणीकृतांकडेच द्यायचा असतो. सरकारी लिलावांतही हे पाळले गेले पाहिजे. बॅटऱ्यांसाठी २०२२ चे वेगळे नियम आहेत. विजेचे भाग नसलेला पत्रा, भांडी, स्टो आणि शेगड्या या नियमांबाहेर आहेत.

करांची बाजूही लक्षात ठेवावी लागते. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून धातूचे भंगार घेतल्यास त्यावरील जीएसटी भरण्याची जबाबदारी नोंदणीकृत खरेदीदारावर आली आहे. हिशेब लिहिणारे दुकानच यापुढे मोठ्या साखळीत टिकेल.

हिशेबाला दुसरेही कारण आहे. शेतातल्या पंपांची केबल आणि रोहित्रातले तांबे चोरीला जाणे ही मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. ऐन रब्बीत केबल गेली की हातचे पीक वाळते. चोरीचा माल कोठे तरी विकला जातो, आणि संशय सगळ्या धंद्यावर येतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. विकणाऱ्याचे नाव, ओळखपत्र, मालाचा प्रकार आणि वजन यांची नोंदवही ठेवणे हे शेतकऱ्याचे आणि प्रामाणिक दुकानदाराचे एकत्रित संरक्षण आहे.

करण्याजोगी कामे

एकट्या छोट्या दुकानदाराला नोंदणी, वायू ओढण्याचे यंत्र आणि पक्की शेड परवडत नाही. एकत्र आल्यावर ते साधते. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांना संघटित करून त्यांना ओळखपत्रे मिळवून दिली, आणि त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहून महापालिकेशी करार करू शकली. परभणी जिल्ह्यातही पहिले काम असेच करायचे आहे. फेरीवाले आणि वेचक स्त्रिया यांसह छोट्या दुकानदारांची एक सहकारी संस्था व्हावी आणि तिने नोंदणी घ्यावी. नोंदणी मिळेपर्यंत तिने यादीतील उपकरणे अखंड गोळा करून नोंदणीकृत केंद्रांना पोचवावीत.

दुसरे काम जागेचे. महापालिकेने आणि नगरपालिकांनी वस्तीबाहेर फरशी घातलेली, छत असलेली, तेल व आम्ल झिरपणार नाही अशी सामाईक जागा द्यावी. तिसरे प्रशिक्षणाचे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत उपकरणे सुटी करणे, धातूंची पारख, वायू काढणे आणि विजेची सुरक्षितता यांचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम सुरू व्हावा, आणि वर्षानुवर्षे हे काम केलेल्यांना लेखी परीक्षेऐवजी प्रात्यक्षिकावर प्रमाणपत्र मिळावे. चौथे काम भंगार व्यावसायिकांच्या स्वतःच्या हातात आहे. तार न जाळणे, बॅटरी न फोडणे, पिक्चर ट्यूब न फोडणे, फ्रिजचा वायू न सोडणे, विक्रेत्याची नोंद ठेवणे आणि लहान मुलांना कामाला न लावणे, असे सहा नियम त्यांनी स्वतःवर घालून घ्यावेत आणि ते दुकानाच्या दर्शनी भागात मराठीत, हिंदीत व उर्दूत लावावेत. पहिल्या तीन कामांना सरकारची आणि वेळेची गरज आहे. चौथ्याला केवळ ठरावाची आहे, आणि तो लगेच करता येतो.