जोखीम कुणाच्या पदरात?

(घाटकोपर येथे महिला बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा काही जणी हसल्या. 'पाकीटबंद खाद्यपदार्थ बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांपुढचे धोके!' त्यांचे धोके त्या बघतील, आपला काय संबंध, असे एका ताईंनी मघाशी मला विचारलेही. संबंध आहे, म्हणूनच हा विषय घेतला. इथल्या बाजारात पाकिटातून विकले जाणारे खाखरे, पापड, चकल्या यांतला पुष्कळसा माल कुठल्या तरी बाईच्या पोळपाटावर लाटलेला असतो. आणि तुमच्यापैकी दोन गटांना एका व्यापाऱ्याने मोठी ऑर्डर देऊ केली आहे. कागद तयार आहे, सही बाकी आहे. त्या सहीआधी आपण बोलले पाहिजे.

मोठी कंपनी दरवर्षी अहवाल छापते. त्यात धोक्यांवर एक प्रकरण असते. गहू, तेल, साखर महागली तर? पाऊस पडला नाही तर? मालात दोष निघाला तर? सरकारने कर वाढवला तर? शेअरबाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना तर असे धोके पाहण्यासाठी वेगळी समिती नेमणे सेबीच्या नियमाने बंधनकारक आहे. म्हणजे त्यांच्याकडे काळजी करायलासुद्धा समिती असते. आपल्याकडे काळजी करायला घरातली बाई असते.

हे धोके खोटे नाहीत. २०१५ साली मॅगीत शिसे प्रमाणाबाहेर आहे असे सांगून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ५ जूनला देशभर विक्री थांबवली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, माल पुन्हा तपासायला लावला आणि नोव्हेंबरात मॅगी दुकानात परतली. मधल्या काळात कंपनीला हजारो टन माल नष्ट करावा लागला आणि एप्रिल ते जूनच्या तिमाहीत तोटा झाला. पण कंपनी उभी राहिली, कारण तिच्या गाठीला पैसा होता, वकील होते, प्रयोगशाळा होत्या. आपल्या गटाच्या एका घाण्यात दोष निघाला आणि व्यापाऱ्याने सगळा माल परत केला, तर आपण किती महिने उभ्या राहू?

दुसरे उदाहरण आपल्या उपनगरातले. पारल्याच्या बिस्किटांचा मूळ कारखाना १९२९ पासून विलेपार्ल्यात होता. स्टेशनात उतरले की भाजक्या बिस्किटांचा वास यायचा. २०१६ साली तो बंद झाला. कंपनी मात्र वाढतच होती, कारण उत्पादन इतर कारखान्यांत आणि ठेक्यावर चालू होते. पुढे जीएसटीत बिस्किटांवर १८ टक्के कर लागला. ५ रुपयांच्या पुड्याची किंमत वाढवता येईना, खप घसरला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने सांगितले, मागणी अशीच राहिली तर ८ ते १० हजार माणसे कमी करावी लागतील. कर वाढला सरकारच्या कागदावर, धोका दिसला कंपनीच्या हिशेबात आणि टांगती तलवार आली कामगारांच्या डोक्यावर. सप्टेंबर २०२५ मध्ये तो कर ५ टक्क्यांवर आला, पण मधली ८ वर्षे कुणी कशी काढली याची नोंद कुठल्याही अहवालात नाही.

माझा मुद्दा एवढाच आहे. जोखीम नाहीशी होत नाही, ती सरकते. पाण्यासारखी उताराकडे जाते. आणि या उताराच्या अगदी तळाशी घरी बसून माल करणारी बाई आहे. मागणी घटली की कंपनी ठेकेदाराचे काम कमी करते, ठेकेदार तिचे. तिला कुणी कामावरून काढत नाही, कारण तिला कामावर घेतल्याचा कागदच नसतो. उद्या येऊ नका, एवढे म्हटले की संपले. जागेचे भाडे तिचे, वीज तिची, पावसाळ्यात माल वाळला नाही तर नुकसान तिचे, दुखणारी पाठ आणि गुडघेही तिचेच.

मग बायकांनी धंदाच करू नये का? मुळीच तसे म्हणत नाही. मुंबईनेच दुसरी वाटही दाखवली आहे.

१५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी ४ पाकिटे झाली. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तेच आजचे लिज्जत. आज तिथे सुमारे ४५ हजार बहिणी आहेत. पण आपण त्यांचे पहिले वर्ष पाहू, कारण धोक्याचा धडा तिथे आहे. पावसाळा आला, पापड वाळेनात, ४ महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. काम थांबले नाही. सुरुवातीलाच त्यांनी ठरवले होते की तोटा झाला तरी कुणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही. छगनबाप्पा पारेख यांनी त्यांना सांगितले, हलक्या प्रतीचा स्वस्त पापड करू नका, एकच उत्तम प्रत ठेवा. धोके तेच होते: पाऊस, कच्चा माल, प्रत, बाजार. फरक एवढाच की तोटा आला तर सगळ्यांचा आणि नफा आला तरी सगळ्यांचा. तिथे लाटणारी प्रत्येक बहीण सभासद आहे, मालकीण आहे. पुरुष पगारावर काम करू शकतात, सभासद होऊ शकत नाहीत.

पण लिज्जतची पूजा करून थांबायचे नाही. प्रश्न तिथेही विचारायचे. बायका वाढल्या, जागा पुरेना, म्हणून भिजवलेले पीठ घरी न्यायची पद्धत सुरू झाली. जागेचा प्रश्न सुटला तो बाईच्या घराने. ज्या घरात पापड पसरायला स्वच्छ जागा नाही, तिथली बाई लाटणार कशी? मालकीण म्हटले की किमान वेतन, आजारपणाची रजा हे हक्क मागायचे कुणाकडे? आणि उडीद? तो म्यानमारमधूनही येतो. २०१५ साली डाळी कडाडल्या, तेव्हा आपण स्वयंपाकघरात रडलो. पापड करणाऱ्या संस्थेला तोच भाव टनांत मोजावा लागतो. सहकारानेही सगळी जोखीम जात नाही. मात्र तिथे निर्णय घेणाऱ्या आणि झळ सोसणाऱ्या बायका एकच असतात. माझ्या मते हाच खरा मुद्दा आहे.

गिरणगावातल्या खानावळवाल्या आठवा. गिरणीकामगार महिन्याच्या बोलीवर जेवायचा, पगार झाला की पैसे द्यायचा. वाणी मात्र बाईकडून व्याज घ्यायचा. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, बँकेचे कर्ज मिळवून दिले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. ज्याच्या पगारावर खानावळ चालायची तो पगारच थांबला. एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून राहणे म्हणजे काय, हे तेव्हा कळले. आज तुम्हाला ज्याने ऑर्डर दिली आहे, तोही एकच आहे.

आता कागदाकडे येऊ. सही करण्यापूर्वी गटाच्या बैठकीत तो मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळला पाहिजे. आणि इतके प्रश्न विचारा.

माल परत आला तर पैसे कोण सोसणार? व्यापाऱ्याने दिलेले पीठ किंवा तेलच खराब निघाले तर? पाकिटावर उत्पादक म्हणून नाव कुणाचे? नाव आपले असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी आपल्या नावाने हवी आणि जबाबदारीही आपल्यावर येते. लेबलात चूक झाली तर कायद्याने ३ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पीठ महागले तर लाटणावळ तीच राहणार की वाढणार? पैसे किती दिवसांत? गटाची उद्यम नोंदणी करून घ्या. २००६ च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर व्याज मागता येते. आणि शेवटचा प्रश्न. ही ऑर्डर बंद पडली तर कर्जाचा हप्ता कशातून भरणार? याचे उत्तर मिळेपर्यंत नवे यंत्र घेऊ नका.

हे विचारल्यावर व्यापारी कदाचित म्हणेल, बायका फार शहाण्या झाल्या. म्हणू द्या.

आणखी एक लढाई आहे, ती एका गटाची नाही. घरून काम करणाऱ्या कामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९९६ साली झाला, भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली आहे. व्याख्येत आपण आलो. आता हक्कात यायचे आहे. त्यासाठी ई-श्रमवर नोंद करा, लाटलेल्या मालाचे वजन आणि मिळालेले पैसे रोज वहीत लिहा. कंपनीकडे अहवाल असतो, आपल्याकडे निदान वही असू दे. उद्या कुणी विचारले, तुम्ही कामगार कशावरून, तर ती वही पुढे ठेवता येईल.

मघाच्या ताईंना माझे उत्तर एवढेच. मोठ्या कंपनीचा धोका आपल्या उंबऱ्यापर्यंत येतोच. तो आपल्या सहीने आत येतो की आपल्याला विचारून, हे आपण ठरवू शकतो. त्या दोन्ही गटांनी कागद घेऊन इथेच थांबावे. चहा झाला की सगळ्या मिळून वाचायला बसू.